नाकाच्या भरवशावर विहिरीत माणूस उतरवू नका



चैत्र लागला की विहिरी तळ दाखवतात आणि गाळ काढायची कामं निघतात. यारीवाल्यांच्या तारखा मिळत नाहीत. गोबरगॅसच्या टाक्या, स्लरीचे खड्डे, गोठ्याचे हौद हेही याच दिवसांत उपसले जातात, कारण मृगाच्या आत शेणखत रानात पडायला हवं असतं. आणि याच दिवसांत पेपरात ती बातमी येते. 'विषारी वायूने गुदमरून मृत्यू.' गाव बदलतं, आकडा बदलतो, बाकी बातमी तीच.

९ एप्रिल २०२४, पाडव्याचा दिवस. नगर जिल्ह्यातलं, नेवासा तालुक्यातलं वाकडी. एका जुन्या पडीक विहिरीत शेणाची स्लरी साठवलेली होती. त्यात मांजर पडलं. मांजर काढायला माणूस उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा गेला, मग पुढचा. एकूण सहा जण उतरले, पाच गेले. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, म्हणून त्याला वर ओढता आलं आणि तो वाचला.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, बारामती तालुक्यातल्या खांडजला गोठ्याजवळची टाकी साफ करताना चौघे गेले. ३ एप्रिल २०२५ ला आपल्या सीमेपलीकडच्या खंडवा जिल्ह्यात, कोंडावत गावात, गणगौरच्या विसर्जनासाठी विहीर साफ करायला उतरलेले आणि त्यांना वाचवायला गेलेले मिळून आठ जण गेले.

याला आपण 'दैवाचा घाला' म्हणतो आणि दहाव्याला जाऊन येतो. मला ते पटत नाही. पाऊस पडणं न पडणं दैवावर सोडा. पण खड्ड्यात कोणता वायू साठतो, तो किती वेळात माणूस पाडतो, हे सगळं ठरलेलं आहे, मोजता येतं आणि टाळता येतं. आपण मोजत नाही. आपण वाकून वास घेतो, 'काय नाय, उतर' म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की नाक हे मीटर नाही, आणि नाकाच्या भरवशावर माणूस खाली पाठवणाऱ्याने त्याची जबाबदारीही घ्यावी.

नाक कसं फसतं

शेण, कुजका पाला, गटाराचं पाणी, सडलेला गाळ, जिथं हवा न लागता काही कुजतं तिथं मुख्यतः तीन वायू तयार होतात. मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. तिन्ही नाकाला वेगवेगळ्या पद्धतीने गंडवतात.

हायड्रोजन सल्फाइडचा वास नासक्या अंड्यासारखा. हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भागसुद्धा नसला तरी नाकाला कळतो. (दहा लाखांत एक भाग म्हणजे एक पीपीएम.) म्हणून आपल्याला वाटतं, वायू असेल तर वास येईलच. गंमत इथंच आहे, आणि जीवघेणी आहे. हाच वायू १०० पीपीएमच्या आसपास गेला की वास ओळखणाऱ्या नसाच बधिर करतो. आधी वास येत होता, मग यायचा थांबला. माणूस म्हणतो, 'गेला वाटतं वायू.' गेलेलं असतं ते नाक. ५०० च्या वर काही मिनिटांत माणूस झोकांड्या खातो आणि पडतो. हजाराच्या घरात एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. ओरडायलाही वेळ मिळत नाही. हा वायू फक्त हवेची जागा घेत नाही. रक्तातून आलेला ऑक्सिजन पेशींना वापरूच देत नाही. मेंदू आणि काळीज आधी बंद पडतं.

कार्बन डायऑक्साइडला वासच नाही. हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे विहिरीच्या तळाला पाण्यासारखा साचून राहतो. साध्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. ४ टक्क्यांना जीव धोक्यात येतो, १० टक्क्यांच्या वर काही मिनिटांत शुद्ध जाते. 'विहीर तर उघडी आहे, वर वारा आहे, वायू साठेल कसा?' असं विचारणारे भेटतात. पातेल्यात पाणी ठेवलं आणि वरून फुंकर मारली तर पाणी बाहेर येतं का? तसंच आहे हे.

मिथेनलाही वास नाही. तो हवेपेक्षा हलका, पण बंद टाकीत डोमखाली, स्लॅबखाली साठतो, तिथला ऑक्सिजन बाहेर ढकलतो. आणि हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पडायचा अवकाश, भडका उडतो.

अजून एक गोष्ट. वर उभं राहून सगळं ठीक वाटतं आणि गाळात पाय घातल्यावर माणूस पडतो, असं का होतं? वायू गाळातच बुडबुड्यांनी अडकलेला असतो. फावडं मारलं, गाळ ढवळला की सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखा एकदम सुटतो. म्हणजे काम सुरू होण्याआधी हवा चांगली होती, याचा अर्थ काम चालू असताना ती चांगलीच राहील असा होत नाही.

कंदील, रुमाल आणि फवारणीचा मास्क

जुन्या लोकांची युक्ती म्हणजे कंदील सोडून बघायचा. विझला तर उतरायचं नाही. युक्ती अर्धी खरी आहे. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६-१७ च्या आसपास आला की ज्योत विझते. पण हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील मजेत जळत राहतो, कारण ऑक्सिजन जागेवर असतो. आणि शेणाच्या टाकीत मिथेन असेल तर कंदील सोडणं म्हणजे काडी लावणंच. तेव्हा कंदील विझला तर उतरू नका हे खरं, पण जळत राहिला तर उतरा असं त्यातून निघत नाही.

काही जण लिंबाचा डहाळा दोराला बांधून वर-खाली करतात, पाण्याच्या बादल्या ओततात. हवा थोडी हलते हे मान्य. पण किती हलली, पुरेशी हलली का, हे मोजणार कोण? शिवाय स्लरीच्या खड्ड्यात वरून पाणी ओतून ढवळलं तर उलट आतला वायू सुटतो.

तोंडाला ओला रुमाल, कोविडमधला मास्क, औषध फवारायचा मास्क, यातलं काहीही चालत नाही. मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. आत श्वास घ्यायला हवाच नसेल तर गाळणार काय?

'आमच्या आज्याने जल्म विहिरीत घालवला, त्याला काय झालं नाही,' हा पारावरचा नेहमीचा मुद्दा. आज्याची विहीर निराळी होती. मोट चालायची, दिवसभर पाणी हलायचं, पोरं पोहायची, गाळ दरसाल निघायचा. आज बोअर झालं, पाइपलाइन आली आणि जुन्या विहिरी टाकून दिल्या. त्यात उकिरडा जातो, मेलेली कोंबडी जाते, गटार जातं, गोठ्याची स्लरी जाते. त्या आता विहिरी राहिल्या नाहीत, झाकण नसलेल्या गोबरगॅसच्या टाक्या झाल्यात. आज्याचा अनुभव त्यांना लागू होत नाही.

इंजिन आणि सुरुंग

चालू विहिरीतही धोका असतो, पण त्याचं कारण वेगळं. गाळ काढायला पाणी उपसावं लागतं, आणि लाइट नसली की पेट्रोलचा नाहीतर डिझेलचा पंप दोराने आत सोडतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, पाय जड होतात. माणसाला वाटतं ऊन लागलं. मग शिडी चढायची ताकदच राहत नाही. इंजिन काहीही झालं तरी काठावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचं. आत सोडायचं नाही.

कोविडपासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. इथं त्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चढलेल्या माणसालाही ते ९७-९८ दाखवतं, कारण चिकटलाय तो ऑक्सिजन आहे की दुसरं काही, हे त्याला ओळखता येत नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचं, पोल्ट्रीत पडदे लावून कोळशावर ब्रूडिंग करणाऱ्यांचं दुखणंही हेच. डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय, तर डॉक्टरला 'शेगडीजवळ होतो' हे आधी सांगा.

नवीन विहिरीत सुरुंग उडवल्यावर येणाऱ्या धुरात नायट्रोजन डायऑक्साइडही असतो. तांबूस-पिवळा, उग्र. याची खोड अशी की त्या वेळी नुसता खोकला येतो, माणूस घरी जातो, जेवतो. आणि काही तासांनी, कधी रात्री झोपेत, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. मुरघास भरल्यावर पहिल्या काही दिवसांत खड्ड्यातून हाच वायू निघू शकतो. म्हणून सुरुंगानंतर लगेच 'किती दगड फुटला' बघायला उतरायचं नाही, आणि धूर लागलेल्या माणसाला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात दाखवायचं.

सवय झाली म्हणजे बरं झालं असं नाही

हे झालं एका दिवसात मारणाऱ्यांचं. सावकाश खाणारेही आपल्याच शेडमध्ये आहेत.

पोल्ट्रीच्या शेडमध्ये सकाळी पाहुणा आला की त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. आपल्याला काहीच वाटत नाही. आपण म्हणतो, 'सवय झाली.' सवय नाकाला झाली, फुप्फुसाला नाही. अमोनियाची कामाच्या जागी सांगितलेली मर्यादा २५ पीपीएम आहे. थंडीत रात्रभर पडदे बंद, लिटर ओलं, ड्रिंकर गळतंय, अशा शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. कामगाराचे डोळे लाल, घसा खवखवलेला, खोकला सुटत नाही. पक्ष्यांचंही तेच. त्यांचे डोळे सुजायला लागले की आपण औषध आणतो. खरं औषध म्हणजे लिटर कोरडं ठेवणं, गळके ड्रिंकर बदलणं आणि थंडीतही पडद्याची वरची फट उघडी ठेवणं.

बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात. गंधक जळालं की सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू डोळ्यांच्या, घशाच्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथंच आम्ल तयार होतं. श्वासनळ्या आवळतात. धडधाकट माणसाला खोकला येतो, दम्याच्या माणसाला एक पीपीएमपेक्षा कमी वायूतही धाप लागते, काम करताना तर लवकरच. पहाटे कागद काढायला ज्या बायका आत जातात, त्यातल्या किती जणींना दमा आहे, हे आपण कधी विचारलंय? कागद वाऱ्याच्या दिशेने आधी उघडून शेड मोकळी होऊ द्यावी, मगच माणसं आत जावीत. मजुरीचा एखादा तास जाईल. जाऊ द्या.

धान्यात टाकायच्या गोळीचंही सांगून ठेवतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन निघतो. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण वास येईपर्यंत थांबणं हा उपाय नव्हे. याच्यावर उतारा नाही. ज्या खोलीत पोरंबाळं झोपतात तिथं गोळी टाकलेलं पोतं नको. त्याच्या शेजारच्या खोलीतही नको. आणि घरात एकदम दोघा-तिघांना उलट्या सुरू झाल्या तर 'काल काय खाल्लं' याच्याबरोबर 'धान्यात काय टाकलं' हेही आठवा.

खाली कोण उतरतं?

आता मूळ मुद्द्याला येतो. विहिरीत बहुतेक वेळा मालक उतरत नाही. उतरतो तो सालगडी, यारीवरचा मजूर, नाहीतर घरातला तरणा पोर.

शहरात गटारात, सेफ्टी टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख भरपाई द्यायला सांगितली. ती अंमलात किती येते हा वेगळा विषय, पण निदान चूक कोणाची हे तिथं ठरलेलं आहे. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूनंतर २ लाख मिळतात, तेही सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याला सातबाराच नाही त्या मजुराच्या बायकोने कोणाकडे जायचं? गावाने वर्गणी काढायची आणि विषय मिटवायचा, हेच चालत आलंय.

मला भरपाई वाढवा म्हणायचं नाही. माणूस गेल्यावर किती द्यायचं यापेक्षा तो जाऊ नये म्हणून किती खर्च करायचा हे आधी बोलूया. चार वायूंचं मीटर मिळतं. ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनसारखे पेट घेणारे वायू, चारही दाखवतं आणि धोका असला की वाजतं. हातात मावतं. दोरीला बांधून आधी तळापर्यंत सोडायचं, मग वर घेऊन आकडे बघायचे. त्या २ लाखांतला एक हिस्सा त्याला पुरतो. प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. गावात एक पुरे. ट्रॅक्टरचं रोटाव्हेटर भाड्याने मिळतं, फवारणीचं ड्रोन मिळायला लागलं, तसं सोसायटीत किंवा दूध डेअरीत हे मीटर, तळापर्यंत जाईल इतक्या लांब पाइपचा ब्लोअर, तिवई, दोर आणि अंगाला बांधायचा पट्टा असा संच ठेवायला काय हरकत आहे? मीटर दर काही महिन्यांनी तपासून घ्यावं लागतं, ते सेक्रेटरीच्या गळ्यात घाला. गोबरगॅसला सरकार अनुदान देतं, तर टाकीवर 'आत उतरू नये' अशी पाटी लावल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. आणि यारी ठरवताना आपण फुटाचा दर विचारतो, तसंच 'मीटर आहे का' हेही विचारायला लागू. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याच्या वेळी यारीवाला आपोआप घेऊन येईल.

तोपर्यंत एवढं पाळा

संच येईल तेव्हा येईल. तोवर:

१. स्लरीच्या, शेणाच्या, गटाराच्या खड्ड्यात माणूस उतरवूच नका. मड पंप लावा, जेसीबीने काढा, टँकरने ओढा. मांजर, शेळी, मोबाइल, बादली, कशासाठीही नाही.

२. विहिरीत उतरायचंच असेल तर आधी बराच वेळ बाहेरची हवा पाइपने तळापर्यंत सोडा आणि काम संपेपर्यंत चालू ठेवा. ब्लोअर चालवणाऱ्या इंजिनाचा धूर त्याच पाइपात जाणार नाही हे बघा. ऑक्सिजनचा सिलेंडर आत सोडू नका, त्याने आग भडकते.

३. मीटर मिळालं तर आकडे असे वाचा. ऑक्सिजन २०.९ हवा. अर्धा टक्का जरी खाली आला तरी त्या जागी दुसरं काहीतरी आलंय, उतरू नका. हायड्रोजन सल्फाइड १० झालं की सगळे वर.

४. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला असलाच पाहिजे, आणि दोराचं दुसरं टोक वर दोन माणसांच्या हातात. शिडी, परडी यांना दोराची सर नाही. वाकडीचा सहावा माणूस आठवा.

५. आतला माणूस बोलेनासा झाला तर दोर ओढा. दोर नसेल तर ११२ ला फोन करा, अग्निशमन आणि १०८ मागवा, वरून हवा सोडत रहा, पण खाली उतरू नका. वर आलेल्याला मोकळ्या हवेत आडवं करा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरू करा.

पाचवं सगळ्यांत अवघड आहे, मला माहीत आहे. खाली भाऊ पडलाय आणि आपण वर उभे, हे कोणाच्याही काळजाला पटणार नाही. म्हणून ते त्या क्षणी ठरवायचं नसतं. आधी, सकाळी चहा पिताना, सगळ्यांनी मिळून ठरवायचं: काही झालं तरी दुसरा उतरणार नाही. आणि काठावर एक जाणता माणूस याच कामाला उभा करायचा, बाकीच्यांना धरून ठेवायला.

या आठवड्यात ज्यांच्याकडे गाळाचं काम निघणार आहे त्यांनी हे यारीवाल्याला आणि मजुरांना वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगा. आणि पुढच्या ग्रामसभेत मीटरचा विषय घ्या. ठराव झाला तर मलाही कळवा, कुठल्या गावाने आधी केला ते इथं लिहीन.